लावणीच्या हत्याराचं पेटंट: अर्ज आधी, व्हिडिओ मग

प्रश्न थोडक्यात असा. निफाड तालुक्यात फॅब्रिकेशनचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी ट्रेमधली मिरची-टोमॅटोची रोपं उभ्याने लावायचं हत्यार बनवलं आहे. वाकावं लागत नाही, मल्चिंग पेपर फाटत नाही आणि काळ्या रानातही खालची, रोप सोडणारी चोच चिखलाने भरत नाही, कारण हत्यार वर उचललं की आतली पत्र्याची जीभ माती खरवडून टाकते. ही जीभ सुचली त्यांच्या पत्नीला, लावणी करताना. दोन शेजाऱ्यांच्या रानात चालवून पाहिलं आहे, विकलेलं नाही. आता यूट्यूबवर व्हिडिओ टाकायचा आहे, डिसेंबरच्या कृषी प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा आहे, एका अवजार कंपनीने "घेऊन या, बघू" म्हटलं आहे, आणि अमेरिकेतला भाचा म्हणतो आधी इकडे पेटंट टाकू. काय करायचं, खर्च किती, आणि पुढे कुणी कॉपी केली तर?

सगळ्यात आधी व्हिडिओ थांबवा. तयार असेल तर मोबाइलमध्येच राहू द्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवरही नको. पेटंट मिळण्याची पहिली अट म्हणजे ती गोष्ट अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही जाहीर झालेली नसावी. "जाहीर केली ती मीच केली ना?" असं पुष्कळ जण विचारतात. उपयोग नाही. तुमचाच व्हिडिओ तुमच्याच अर्जाच्या आड येतो आणि पेटंट ऑफिसचा परीक्षक तो लिंकसकट दाखवतो. आपल्या कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती मोजक्या प्रसंगांना: केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेत वाचलेला निबंध, अशा. कृषी प्रदर्शन कितीही मोठं असलं तरी ते अधिसूचित आहे असं गृहीत धरून स्टॉल लावू नका.

शेजाऱ्यांच्या रानातल्या चाचणीची मात्र फार काळजी नको. 1970 च्या पेटंट कायद्याच्या कलम 32 मध्ये अशा चाचणीला जागा आहे: शोधच असा असेल की उघड्यावर चालवल्याशिवाय कळणार नाही, तर अर्जाच्या आधीच्या एका वर्षात वाजवी चाचणीपुरतं वापरलेलं आड येत नाही. लावणीचं हत्यार बंद खोलीत तपासता येत नाही, हे कुणालाही पटेल. पण चाचणी ती चाचणी. एक नग जरी पैसे घेऊन दिला असता तर मी इतक्या निर्धास्तपणे लिहिलं नसतं. चाचणी कोणत्या महिन्यात, कुणाच्या रानात, काय बिघडलं आणि काय बदललं, हे आत्ताच वहीत लिहून ठेवा.

वहीचा विषय निघालाच आहे तर सांगतो: स्वतःच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने चित्रं पाठवून पाकीट न फोडता ठेवणं, स्टॅम्प पेपरवर नोटरी करणं, कॉपीराइट काढणं, यातलं काहीही पेटंटची जागा घेत नाही. कॉपीराइटने तुमच्या चित्राची नक्कल अडते, चित्रातलं हत्यार बनवणं अडत नाही. आणि दोघांनी एकच शोध वेगवेगळा लावला असेल तर आपल्याकडे आधी सुचलेल्याला नव्हे, आधी अर्ज केलेल्याला प्राधान्य.

आता मुद्द्याची गोष्ट. "उभ्याने रोप लावायची आयडिया" कुणालाही पेटंट म्हणून मिळणार नाही. नळीतून रोप सोडायचं, खाली चोच उघडायची, ही हत्यारं बाजारात कधीपासून आहेत. तुम्हाला काही मिळायचं असेल तर ते जिभेपाशी मिळेल. म्हणून पेटंट एजंटकडे (अर्ज लिहून देणाऱ्या तज्ज्ञाकडे) जायच्या आधी दोन संध्याकाळ शोधात घाला. भारतीय पेटंट ऑफिसचा इनपास, युरोपचा एस्पेसनेट आणि गूगल पेटंट्स, तिन्ही फुकट आहेत. नुसते शब्द टाकून शोधलं तर निम्मं हाती लागत नाही, कारण लिहिणारे साध्या चोचीला दहा नावं देतात. त्यापेक्षा वर्गीकरणाच्या क्रमांकाने शोधा: रोपलावणीच्या यंत्रांसाठी ए01सी 11, आणि पेरणी-लावणीसाठी भोकं पाडणाऱ्या हातहत्यारांसाठी ए01सी 5. क्रमांक टाकताना अक्षरं रोमन लागतील. चित्रं बघत जा, मजकूर नंतर. माती खरवडणारी, झाडणारी, ढकलणारी कुठलीही रचना दिसली की तो क्रमांक टिपून ठेवा. जे सापडेल ते एजंटपासून लपवू नका. तुम्हाला सापडलं ते परीक्षकालाही सापडणारच आहे.

पण नवीन असणं पुरत नाही. त्या क्षेत्रातल्या जाणकार कारागिराला सहज सुचलं नसतं असंही काही त्यात असावं लागतं, आणि स्वतंत्र संशोधकांचे बहुतेक अर्ज इथेच अडखळतात. याचा भारतातला गाजलेला निकाल भांड्यांच्या धंद्यातला आहे. मिर्झापूरच्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजने लेथवर भांडी धरण्याच्या रचनेचं पेटंट 1951 साली घेतलं. आधी भांडं एका बाजूने धरत, ते फिरताना निसटून कारागिराला लागायची भीती असे. यांनी समोरून टोकदार टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराचा, दाब दिला. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या पेढीशी झालेला तंटा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1978 मध्ये कोर्टाने पेटंट रद्दच ठरवलं. टेलस्टॉकचा आधार लेथवाल्यांना जुनाच माहीत आहे, ही वर्कशॉपमधली साधी सुधारणा आहे, हे त्याचं सार. लेथवर हात काळे केलेल्या माणसाला हा निकाल कडक वाटतो. मलाही वाटतो. पण परीक्षक आजही त्याच फुटपट्टीने मोजतो.

म्हणजे तुमच्या बाबतीत प्रश्न असा येईल: चोचीला चिखल लागतो तर पत्र्याने खरवडायचा, यात काय मोठं? उत्तर जिभेत नाही, ती कशी हलते त्यात आहे. तुमच्या वर्णनावरून मला समजलं ते असं की जिभेला वेगळी वायर नाही, वेगळा खटका नाही. चोच मिटवणारी स्प्रिंगच जीभ ओढते, म्हणून मजुराला जास्तीचं काही करावं लागत नाही. असं असेल तर बाजू भक्कम आहे. कलम 3(एफ) सांगतं की माहितीतले भाग नुसते शेजारी मांडले आणि प्रत्येक जण आपापलं जुनंच काम करत राहिला, तर तो शोध नव्हे. नळी अधिक चोच अधिक पेपर कापायचं पातं, अशी जोडाजोड केली असती तर ती इथेच पडली असती. तुमच्याकडे एका भागाची हालचाल दुसऱ्याचं काम करते. अर्जाचा भर तिथेच हवा. आणि हत्याराचं पेटंट मागा, लावणीच्या "पद्धती"चं नको. शेतीच्या पद्धती कलम 3(एच) खाली सरळ वगळलेल्या आहेत.

पेटंटच्या कागदात शेवटी क्लेम असतात. खरेदीखतात जशी चतुःसीमा, तसे हे. मागची पंचवीस पानं कितीही सुरेख असोत, हक्क क्लेमच्या शब्दांइतकाच. स्वतः लिहिलेला क्लेम साधारण असा येतो: "3 फूट लांब, 2 इंच व्यासाचा लोखंडी पाइप, खाली दोन पात्यांची चोच, सायकलच्या ब्रेकची वायर, आणि चोचीच्या आत 1 मिमी स्टीलच्या पत्र्याची जीभ असलेलं रोपलावणी यंत्र." हे तुमच्या दुकानातल्या नगाचं वर्णन झालं. क्लेममधला प्रत्येक घटक समोरच्याच्या मालात असेल तरच साधारणपणे उल्लंघन धरलं जातं. त्याने पीव्हीसी पाइप घेतला, वायरीऐवजी सळई लावली, जीभ नायलॉनची केली, की तो तीनदा बाहेर पडला.

मी ते असं मांडीन: "रोप खाली सोडणारी पोकळ नळी, नळीच्या खालच्या टोकाला उघडझाप करणारी चोच, जिचं किमान एक पातं हलतं, पातं हलवणारी यंत्रणा, आणि त्या यंत्रणेलाच जोडलेला, चोच मिटताना पात्याच्या आतल्या बाजूवरून सरकून माती काढणारा खरवडणारा भाग." लोखंड नाही, इंच नाहीत, वायर नाही. मग खाली एकेक उतरता क्लेम: खरवडणारा भाग स्प्रिंग स्टीलचा, तो बदलता येण्याजोगा, पेपर कापायला चोचीची धार दातेरी, वगैरे. वरचा रुंद क्लेम परीक्षकाने पाडला तर खालच्या एखाद्यावर पाय टेकता येतो. रुंद करायच्या नादात जिभेचा उल्लेखच गाळलात तर मात्र जुनी चोचवाली हत्यारं तुमच्या क्लेममध्ये येऊन बसतील आणि तो गेला.

यासाठी एक काम तुम्हालाच करावं लागेल, एजंटला ते जमत नाही. तासभर स्वतः कॉपी करणारे व्हा. हे पेटंट चुकवून हेच हत्यार विकायचं तर काय कराल? जिभेऐवजी ब्रश? रबराची पट्टी? चोच झटकणारा हातोडा? सुचेल ते प्रत्येक चित्रासकट वर्णनात घाला. हे सगळं अर्ज टाकतानाच आत असावं लागतं. नंतर अर्जात सुधारणा करता येते, पण आधी न लिहिलेली नवी गोष्ट मागून घुसडता येत नाही.

घाई आहे म्हणून आत्ता प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाका. त्यात क्लेम लागत नाहीत, वर्णन आणि चित्रं पुरतात. तारीख मिळते आणि कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे क्लेमसकट पूर्ण वर्णन, द्यायला 12 महिने मिळतात. ते हुकलं तर अर्ज सोडून दिल्याचं धरतात. प्रोव्हिजनल म्हणजे अर्ध्या पानाचं काम, ही समजूत फार महागात पडते. त्यात जे लिहिलं तेवढ्यालाच ती तारीख लागू. अर्ध्या पानात "माती साफ करणारी यंत्रणा" इतकंच लिहिलंत, महिन्याने स्टॉल लावलात आणि वर्षाने स्प्रिंगची जोडणी समजावून सांगितलीत, तर जोडणीला तारीख वर्षानंतरची मिळेल, आणि तोवर ती तुमच्याच स्टॉलवर शेकडो लोकांनी पाहिलेली असेल. चोच मिटलेली, उघडी, अर्धवट, अशी तिन्ही चित्रं काढा, भागांना आकडे द्या आणि तेच आकडे मजकुरात वापरा. हाताने काढलेली स्वच्छ रेखाचित्रं सुरुवातीला चालतात. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत लागतो, मराठीत घेत नाहीत. तरी वर्णन आधी मराठीत, दुकानातल्या भाषेत लिहा आणि मग एजंटला द्या. इंग्रजीत लिहायला बसलेला कारागीर नेमकं सोपं वाटणारं गाळतो, आणि पुष्कळदा शोध त्यातच असतो.

खर्च. तुम्ही व्यक्ती म्हणून अर्ज कराल, तेव्हा ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1,600 रुपये, तीत 30 पानं आणि 10 क्लेम येतात. कागदावर भरलात तर 1,750. प्रोव्हिजनलनंतर त्याच मर्यादेत कम्प्लीट भरायला पुन्हा फी नाही. परीक्षणाची विनंती 4,000 रुपये, ती 31 महिन्यांच्या आत करायची. 2024 च्या नियमांआधी ही मुदत 48 महिने होती, त्यामुळे जुने लेख वाचून थांबू नका. मोठ्या कंपनीला याच दोन गोष्टींना 8,000 आणि 20,000 पडतात. एजंटची फी वेगळी, आणि ती सरकारी फीच्या कित्येक पट असते हे खरं आहे. एजंट नेमणं सक्तीचं नाही, पण निदान कम्प्लीट स्पेसिफिकेशन तरी नोंदणीकृत एजंटकडून लिहून घ्या. नोंदणी आहे का ते पेटंट ऑफिसच्या यादीत दिसतं. आणि "पेटंटची गॅरंटी" देणाऱ्याच्या पायऱ्या चढू नका. महाराष्ट्र-गोव्याचे अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलवरच्या कार्यालयात येतात, पण अर्ज ऑनलाइन आणि सुनावणीही व्हिडिओवर होते, फेऱ्या नाहीत.

आता तुमच्या पत्नीबद्दल, कारण तुम्ही ते वाक्य जाता जाता लिहिलं आहे आणि माझ्या मते ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. ज्या जिभेवर सगळा क्लेम उभा आहे ती त्यांना सुचली. मग त्या संशोधक आहेत. अर्जात त्यांचं नाव संशोधक म्हणून जायलाच हवं. खऱ्या संशोधकाला वगळून केलेला अर्ज पुढे विरोधाला आणि रद्द होण्याला निमंत्रण देतो. घरातली गोष्ट घरात राहील असं समजू नका, पेटंटला किंमत आली की समोरचा वकील पहिला प्रश्न हाच काढतो.

त्यांना सहअर्जदारही करा, त्यात तुमचा फायदाही आहे. सगळे अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यात किमान एक स्त्री असेल तर जलद परीक्षण मागता येतं. 4,000 ऐवजी 8,000 भरायचे, आणि रांगेत पुढे जायचं. तुम्ही एकट्याने अर्ज केला असता तर ही वाट मिळाली नसती. (केवळ यासाठी कुणाचंही नाव चिकटवणारे लोक आहेत, ते करू नका.) सहअर्जदार हा पेटंटचा सहमालक होतो. वेगळा करार नसेल तर कलम 50 प्रमाणे दोघांचा हिस्सा सारखा, प्रत्येकाला स्वतः माल बनवून विकता येतो आणि नफ्यात दुसऱ्याला वाटा द्यावा लागत नाही, पण लायसन्स द्यायला किंवा हिस्सा विकायला दुसऱ्याची संमती लागते. नवरा-बायकोत ठीक आहे. उद्या भांडवल घालणारा मित्र "माझंही नाव टाक" म्हणाला तर हे कलम त्याच्यासमोर ठेवा आणि आधी लेखी करार करा.

पुढचा प्रवास लवकर सांगतो. अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, 2,500 रुपये भरले तर लवकर. परीक्षण झालं की पहिला अहवाल येतो, त्याला एफईआर म्हणतात. तो वाचून बहुतेक जण हबकतात, कारण त्यात सगळे क्लेम नाकारल्यासारखे दिसतात. ती रीतच आहे. सहा महिन्यांत उत्तर द्यायचं, फी भरून आणखी तीन महिने मिळतात. मंजुरीआधी कुणीही विरोध नोंदवू शकतो. मंजूर झालं तर अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं. तोवर मालावर "पेटंट पेंडिंग" लिहा, "पेटंटेड" नको. खोटा दावा केल्यास 10 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

कंपनीकडे प्रोव्हिजनलचा क्रमांक हातात आल्यावरच जा. गोपनीयतेच्या करारावर सही मागा; मोठ्या कंपन्या बऱ्याचदा देत नाहीत, म्हणून तर अर्ज आधी. पहिल्या भेटीत चालतं हत्यार दाखवा, चित्रं आणि स्पेसिफिकेशन देऊ नका. "आमच्या इंजिनिअरला दोन दिवस बघू द्या" म्हटलं तर हसून नाही म्हणा. सौद्यात एकरकमी पैशाचा मोह होतो. त्यापेक्षा थोडी आगाऊ रक्कम, नगामागे रॉयल्टी आणि दरवर्षीची किमान रॉयल्टी मागा. किमानची अट नसेल तर कंपनी हक्क घेते, हत्यार कपाटात ठेवते आणि आपलं जुनं मॉडेल विकत राहते. करार लेखी हवा आणि पेटंट ऑफिसच्या नोंदवहीत चढवायला हवा.

भाच्याला प्रेमाने थांबवा. कलम 39 प्रमाणे भारतात राहणाऱ्याने शोधाचा अर्ज परवानगीशिवाय आधी परदेशात टाकायचा नाही. आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, किंवा आधी परवानगी घ्यायची. मोडलं तर कैदेचीही तरतूद आहे आणि इथला अर्जही जातो. भाचा बहुधा तिथल्या एका वर्षाच्या सवलतीबद्दल ऐकून बोलत असेल. अमेरिकेत संशोधकाने स्वतः जाहीर केल्यावर वर्षभर अर्ज करता येतो, पण ते त्यांचं. इथे किंवा युरोपात ते तुम्हाला वाचवणार नाही. "जागतिक पेटंट" नावाची गोष्ट नाही. इथल्या तारखेपासून 12 महिन्यांत पीसीटीचा (अनेक देशांसाठीचा एकत्र आंतरराष्ट्रीय) अर्ज केला तर देश निवडायला वेळ मिळतो, तरी पुढे प्रत्येक देशाचा खर्च वेगळाच. तुमच्या हत्याराला मी तो खर्च सुचवणार नाही.

कॉपी झाली तर? पेटंट ऑफिस कुणाच्या दुकानावर धाड घालत नाही. दावा तुम्हालाच लावायचा, जिल्हा न्यायालयात किंवा त्यावर. समोरच्याने पेटंट रद्द करायची उलट मागणी केली, आणि तो करतोच, की प्रकरण हायकोर्टात जातं. गावोगावच्या वेल्डिंगवाल्यांशी हे लढणं तुम्हाला परवडणार नाही. पेटंटचा जोर चालतो तो ज्याची फॅक्टरी आहे, डीलर आहेत, ज्याला नोटीस आली तर माल परत मागवावा लागेल अशावर. बाकीच्यांसाठी हत्याराच्या बाह्य आकाराची डिझाइन नोंदणी करा, व्यक्तीला 1,000 रुपये फी आणि 10 अधिक 5 वर्षं. ती कामाला नव्हे, दिसण्याला संरक्षण देते, पण हुबेहूब नक्कल त्यात चटकन सापडते. तीही नोंदणी माल दाखवण्याआधीच करायची. सोबत नावाचा ट्रेडमार्क. शेतकरी हत्यार नावाने मागायला लागला की ते नाव 20 वर्षांनंतरही तुमचंच.

एजंटचा खर्च झेपत नसेल तर गांधीनगरच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानला लिहा. तांत्रिक शिक्षण नसलेल्या संशोधकांसाठी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने 2000 साली ते सुरू झालं. अमरेलीच्या मनसुखभाई जगानींच्या मोटरसायकलवर चालणाऱ्या बुलेट सांती या शेतीच्या अवजाराला त्यांच्याच मदतीने भारतात आणि अमेरिकेत पेटंट मिळालं. तिथेही हत्यार जाहीर करण्याआधी जायचं. बियाण्याचं नवं वाण काढलं असतं तर वाट निराळी होती: वनस्पतींना पेटंट नाही, त्यांच्यासाठी 2001 चा वाण संरक्षण कायदा आहे. एचएमटी तांदूळ शोधणारे चंद्रपूरचे दादाजी खोब्रागडे यांनी ते वाण निवडून काढलं तेव्हा तोही नव्हता.

मंजुरीनंतर नूतनीकरण सांभाळा. तिसऱ्या वर्षापासून फी लागते, व्यक्तीला सहाव्या वर्षापर्यंत दरसाल 800, मग 2,400, 4,800 आणि शेवटी 8,000. मंजूर होईपर्यंत साचलेली फी नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत एकदम भरायची असते. चार वर्षांची आगाऊ ऑनलाइन भरली तर दहा टक्के सूट आहे. पेटंट वापरात आहे की नाही याचं फॉर्म 27 चं निवेदन पूर्वी दरवर्षी होतं, आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा. ऑफिसची सगळी पत्रं ईमेलवर येतात, तेव्हा अर्जात एजंटच्या ईमेलबरोबर स्वतःचाही द्या, आणि तो असा द्या जो घरात कुणीतरी रोज उघडतं.